खालची चौकट

नवं राज्य झालं होतं आणि सरकारला जुन्या काळाची भारी घाई लागली होती. जिथं जुना दगड, तिथं फलक. साखरखेर्ड्याजवळच्या एका शिवारातल्या वीरगळीसाठी मला आणि आमच्या कचेरीतले शिपाई जानराव यांना पाठवलं. जानराव उंद्रीचे. लहानपणी वासरानं त्यांचा डावा कान चावून अर्धा नेला होता. साहेबांचं बोलणं ते त्या बाजूनं ऐकत.

वीरगळीवर तीन चौकटी असतात. खाली वीर मरतो, मधे अप्सरा त्याला उचलून नेतात, वर तो महादेवापुढे हात जोडून बसतो. वीर कसा पडला तेवढं फलकावर लिहायचं होतं. पण दगड शेंदरानं माखलेला. जानरावांनी पायातल्या वहाणा काढून ठेवल्या आणि पिशवीतून उलथनं काढलं.

शेंदूर लावणाऱ्या अंबूबाई बाभळीखाली बसल्या होत्या. "वरचं पाहा बापू. खालची चौकट नका उघडू. आमच्या घरच्या बाया ती झाकासाठीच माखतात."

"काऊन व माय?" जानरावांनी विचारलं.

"पाहायची नसते."

शेंदराचे पापुद्रे पडत गेले. महादेवापुढच्या वीराच्या छातीवर तिरपा पट्टा होता, पट्ट्यावर गोल बिल्ला. जानरावांच्या छातीवर होता तसाच.

"मेल्यावरबी शिपाईच," जानराव म्हणाले. "बढती तिथंबी नाही."

मी हसलो. मधली चौकट उघडली. अप्सरांनी काखेत धरलेल्या माणसाला डावा कान अर्धाच होता.

"झिजला असेल," मी म्हणालो आणि बोट फिरवलं. कडेला दातांच्या खुणा होत्या. वासराच्या.

जानरावांनी उलथनं खालच्या चौकटीला लावलं.

"राहू द्या. 'लढाईत पडला' लिहून टाकू."

"तुमचं काय जाते, साहेब? मले समजू द्या. विहीर असंल तर विहिरीजवळ नाही जात. बैल असंल तर बैल इकून टाकतो."

अंबूबाईंनी तोंड फिरवलं.

थर जाड होता. शेवटी तो अख्खाच निखळला.

चौकट कोरी होती.

जानराव मटकन खाली बसले. "काहीच नाही हो. म्हणजे मी मरतच नाही."

मग कोऱ्या चौकटीतून दगडाची भुकटी सांडू लागली. पांढरी, चाळल्यासारखी. कोरणारं हत्यार नाही, आवाज नाही.

"पयले पाय येतात," पाठमोऱ्या अंबूबाई म्हणाल्या.

चौकटीत पाय उमटले. एक जोडी अनवाणी. तिच्या अगदी मागे दुसरी, नाडीच्या बुटातली.

जानरावांनी माझ्या नाडीच्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्यापासून थोडे सरकून बसले.