चमकती बाजू

ताईचा सगळा संसार नाकांचा होता. माणसांच्या नव्हे, विमानांच्या. महायुद्धात बॉम्ब टाकायला जाणाऱ्या विमानांच्या नाकांवर सैनिकांनी चित्रं रंगवून घेतली होती. ढगावर बसलेल्या मुली, सिगार ओढणारे बोके, दात विचकणारी गाढवं. युद्ध संपलं, विमानं भंगारात गेली नाहीतर कुठंतरी पडली, आणि मागं उरले फोटो. विमानाचा नंबर असायचा पार शेपटीकडं, आणि फोटो काढणाऱ्याला हवी असायची मुलगी. त्यामुळं नुसत्या नाकावरून विमान ओळखायचं काम येई, आणि ते संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बसून ताई करत असे. भिंग लावून पत्र्याचे सांधे बघायचे, खिळ्यांच्या रांगा बघायच्या, खिडक्यांच्या चौकटी बघायच्या. वेळ लागे. पण ताईनं एकदा सांगितलं की ते खोडून काढणारा माईचा लाल अजून जन्मायचा होता.

मग साहेबांनी तिच्या मदतीला तिच्याच सख्ख्या धाकट्या बहिणीला घेतलं. शिफारस ताईनंच केली होती. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. घरात धाकटीला छकुली म्हणत. बाई तिशी ओलांडून गेली, चष्मा लागला, तरी छकुलीच. थोड्याच दिवसांत ती शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची छकुली झाली.

छकुली भिंगाला हातही लावत नसे. फोटो समोर धरायची, मान वाकडी करायची, आणि म्हणायची, "हे त्या बोटं न येणाऱ्याचं काम."

"कोण बोटं न येणारा?" साहेब विचारत.

"बघा ना, याच्या एकाही मुलीचे हात दिसत नाहीत. कुणाचे पाठीमागं, कुणाचे खिशात. बिचाऱ्याला बोटं काढताच येत नव्हती!"

साहेब हसून हसून खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं त्या रंगाऱ्याचे सगळे फोटो काढून भिंगाखाली तपासले. छकुलीचं बरोबर निघालं. ते जास्त झोंबलं.

"ताई, तुम्ही आता डार्करूमचं बघा," साहेब एक दिवस गोड आवाजात म्हणाले. "तुमच्याइतक्या स्वच्छ प्रती कुणी काढत नाही. ओळखायचं काम छकुली करेल." खिडकीजवळचं मोठं टेबलही आता तिचंच होणार, हे साऱ्या मजल्याला कळून चुकलं होतं.

ताईला हेवा वाटत होता. तिनं त्याला काळजी म्हणून बघितलं, शिस्त म्हणून बघितलं, पण नाव काही बदलेना. संध्याकाळी घरी पाय ठेवला की आई विचारी, "आज छकुलीनं काय ओळखलं गं?" आणि सांगायचं मात्र ताईनं, कारण छकुलीला स्वतःचं कौतुक सांगायला लाज वाटे! छकुलीच्या डाव्या गालावर नेमका शोभेल असा तीळ होता. ताईच्या वाट्याला आला होता डाव्या भुवईवरचा व्रण. लहानपणी छकुलीला झोपाळ्यावर बसवून देताना फळी लागली होती. घरी येणारे पाहुणे आधी त्या तिळाकडं बघत आणि मग पाण्याचा पेला मागायला ताईकडं.

अशात एक वयस्क गृहस्थ आले. जुन्या स्वेटरात गुंडाळलेली काचेची निगेटिव्ह त्यांनी टेबलावर ठेवली. विमानाच्या नाकाखाली ओळीनं उभे असलेले तरुण. एकावर त्यांनी बोट धरलं, काचेला न टेकवता.

"हा माझा दादा. याचं विमान कुठलं, तेवढं सांगा. आई जाईपर्यंत विचारत होती, कुठं आहे तो म्हणून. आता मीच राहिलोय. एकदा त्या जागी जाऊन उभं राहायचंय, बस."

काच घेऊन ताई डार्करूममध्ये गेली. काचेला दोन बाजू असतात. एक मंद, तिच्यावर चित्र असतं. दुसरी चमकती, ती नुसती पाठ. प्रत काढताना मंद बाजू कागदावर टेकवायची. चमकती टेकवली तर डाव्याचं उजवं होतं. कुठली कुठली हे बघायला काच उजेडाकडं तिरकी धरायची, की चमकती बाजू लगेच सापडते. या कामातला हा पहिला धडा. छकुलीला तो ताईनंच दिला होता.

चमकती बाजू स्वतःकडं ठेवून तिनं काच दिव्यावर धरली. ढगावर एक मुलगी बसली होती, हात पाठीमागं, आणि डाव्या गालावर तीळ. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं, तरी ताईनं चेहरा ओळखला. छकुलीच! तेच रुंद ओठ, तीच वाकडी मान. छकुली जन्मायच्या कितीतरी आधी मरून गेलेल्या रंगाऱ्यालासुद्धा रंगवायला तीच सापडावी? ताई तिथल्या तिथं एकटीच हसली, आणि ते हसू तिलाच बरं वाटलं नाही.

ढगावरची ही तीळवाली मुलगी दोन विमानांवर होती, हे ताईला जुन्या नोंदींवरून पाठ होतं; फोटो मात्र आजवर एकाचाही मिळाला नव्हता. रंगाऱ्यानं कागदी खाका एकच केला होता. पहिल्या विमानावर तो नाकाच्या डाव्या बाजूला लावला आणि दुसऱ्यावर उलटा करून उजव्या बाजूला. पहिलं विमान एका शेतात कोसळलं. गावकऱ्यांनी माणसांना तिथंच पुरून वर दगड बसवला. दुसरं समुद्रावर गेलं आणि परत आलंच नाही. कुठल्या विमानात कोण होतं याचे कागद छावणीच्या आगीत गेले होते, आणि दगडावर नावं नव्हती.

काचेतल्या विमानाचं नाक डावीकडं होतं. म्हणजे डावी बाजू, म्हणजे शेत. म्हाताऱ्याच्या दादाला जागा होती.

 मग ताईनं एकेक माणूस तपासला. उलटा फोटो पकडला जातो तो कोटाच्या बटणांनी आणि मनगटावरच्या घड्याळांनी. इथं सगळ्यांची जाकिटं गळ्यापर्यंत मधोमध चेन लावलेली, हातांत मोजे. पकडून देईल असं काही नव्हतं. छकुलीचं नाक एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर कापलं जावं, एवढंच तिला हवं होतं. छकुली समुद्र म्हणेल, आणि मग आपण शांतपणे काच आणून दाखवायची. म्हाताऱ्याला कळायच्या आत सगळं सरळ होईल.

तिनं चमकती बाजू कागदावर टेकवली.

छकुलीनं या वेळी फार वेळ घेतला. फोटो दूर धरला, जवळ आणला.

"मुलगी अगदी माझ्यासारखी आहे, नाही?" ती म्हणाली. पण हसली नाही. "ताई, ही माझ्याकडं बघत नाहीये गं."

"फोटो आहे तो."

"तसं नाही. हिला कुणीतरी पाठमोरी करून बसवल्यासारखं वाटतंय." तिनं नकळत गाल चोळला. "उजवी बाजू. समुद्रावर गेलेलं."

नेमके तेव्हाच गृहस्थ जिना चढून आले. ते उद्या येणार होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि छकुलीनं हळू आवाजात सांगितलं.

"समुद्र," ते म्हणाले. "म्हणजे उभं राहायला जागाच नाही म्हणा."

ताईनं तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या छकुलीची नजर कधी चुकत नाही." ताईचं तोंड मिटलं. उद्या, तिनं ठरवलं. उद्या सरळ प्रत काढून साहेबांच्या पुढ्यात टाकायची. म्हणजे चूक आणखी मोठी दिसेल. गृहस्थ रिकाम्या स्वेटराची घडी घालत जिना उतरले. प्रत्येक पायरीवर थांबत होते. ताईला तो आवाज घरापर्यंत पुरला.

सकाळी घरी छकुली टेबलाशी बसून चहा ढवळत होती. डाव्या हातानं.

ताईनं वर पाहिलं. तीळ उजव्या गालावर होता.

"आई, हिचा तीळ बघ!"

"त्याला काय झालं?" आई म्हणाली.

"डाव्या गालावर होता ना?"

"ताई, झोप झाली नाही का तुझी? जन्मापासून तिथंच आहे. आणि डावखुरी म्हणून किती बोलणी खाल्ली पोरीनं!"

 छकुली ताईकडं बघत होती.

भिंतीवर चौघांचा जुना फोटो होता. ताईनं तो खिळ्यावरून उतरवला आणि कामावर तपासते तसा तपासला. बाबांच्या कोटाची बटणं बरोबर होती. फोटो उलटा छापलेला नव्हता. आणि त्यात तीळ उजव्या गालावर होता. तिनं फोटो परत लावला. फोटोतल्या स्वतःकडं तिनं पाहिलं नाही. तशी तिला सवयच नव्हती. कुठलाही फोटो आला की तिची नजर आधी छकुलीवर जाई आणि तिथंच राही.

ती धावतच संग्रहालयात गेली. काच काढली, तिरकी धरली, मंद बाजू शोधली. मंद बाजू खाली टेकवून प्रत काढली.

विमानाचं नाक उजवीकडं होतं.

तिनं काच उलटवली. चमकती बाजू खाली. पुन्हा प्रत काढली.

नाक उजवीकडंच.

पुन्हा. पुन्हा. दोरीवर ओल्या प्रती लटकत गेल्या, आणि सगळ्यांतून मुली एकाच दिशेला बघत राहिल्या. शेताकडं जाणारं विमान काचेतून गेलं होतं. ज्याला जागा होती त्याला तिनं समुद्रात बुडवलं होतं, आणि आता कुणी कितीही भिंगं लावली तरी छकुलीचंच बरोबर निघणार होतं. ताईला रडू आलं. म्हाताऱ्यासाठी, हे खरं. पण छकुलीचं बरोबर निघणार याचंही आलं.

दारावर टकटक झाली.

"ताई, मी आहे. बाहेर ये ना जरा."

छकुलीनं तिचा हात धरून तिला खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाशी नेलं. आवाजात चिडचिड नव्हती, मायाच होती.

"सकाळपासून मला काहीतरी खटकत होतं," ती म्हणाली. "आत्ता कळलं. झोपाळ्याची फळी तुला उजव्या भुवईवर लागली होती. घरच्या फोटोतही तसंच आहे."

ताईचा हात कपाळाकडं गेला. व्रण डाव्या भुवईवर होता. कायम होता तिथंच.

"डावीकडंच लागली होती," ती म्हणाली. "छकुले, तुला आठवतं ना?"

"हलू नकोस."

छकुलीनं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली. मान वाकडी केली. मग दोन बोटांनी ताईचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडं हळूच तिरका केला, अगदी ताईनं काच धरायला शिकवलं होतं तसा. बराच वेळ ती बघत राहिली.

"ही चमकती बाजू आहे गं," ती म्हणाली, आणि ताईच्या खांद्यावरून पलीकडं बघू लागली.