दोघांच्या वजनाची गाडी

दोन हजार एकोणीस साल. महापुराचं साल म्हटलं की कोल्हापुरात कुणालाही पटकन आठवतं; पण ही गोष्ट पूर ओसरून, घरं धुऊन-पुसून झाल्यानंतरची. ऑक्टोबर सरत आला होता आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर गुऱ्हाळांचा गोड वास यायला लागला होता.

त्या दिवशी उचगावजवळ हायवेवर एक लाल स्पोर्ट्स कार नाक वळवत वळवत रस्त्याकडेला थांबली. चालवणारी राजनंदिनी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. गाडी नेमकी थांबली होती ती चाकांच्या अलाइनमेंटच्या गॅरेजसमोर, हे तिला काचेवर टकटक झाल्यावर कळलं.

"आत घ्या की मॅडम. बाहेर ऊन लागतंय गाडीला."

हा आदर्श, गॅरेजचा मालक. हात पुसत उभा होता, आणि हसू लपवायचा त्याचा प्रयत्न काही फारसा जमत नव्हता.

राजनंदिनीला हसायला येत नव्हतं. मंगळवार पेठेतले गुळाचे व्यापारी जयसिंग हे तिचे वडील. लहानपणी तिच्या भावाला, ऋतुराजला भोवरा घेतला की तिलाही तसाच घ्यावा लागे, नाहीतर दोघं भावंडं घर डोक्यावर घेत. त्याच सवयीनं त्यांनी दोन जुन्या स्पोर्ट्स कार घेतल्या. दोन सीटच्या, लाल, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या. नंबर झाकला तर कुठली कुणाची ते सांगता येऊ नये. पण ऋतुराजची सुतात जायची आणि हिची उजवीकडे सरकायची. ब्रेक दाबला की जास्तच.

तिनं घरी सांगितलं, तेव्हा ऋतुराजनं वडिलांना शेजारी बसवून तीच गाडी शिरोलीपर्यंत नेऊन आणली. एकदम सरळ गेली. किल्ली तिच्या हातात ठेवत तो म्हणाला, "गाडीला काय झालं न्हाय. तुझ्या हाताला झालंय."

वडिलांनाही तेच पटलं. लेकीनं कुठं ठोकून घेऊ नये म्हणून, पेठ वडगावचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येणार, असं त्यांनी जेवताना सांगून टाकलं. राजनंदिनीला गाडीपेक्षा दुसरंच लागलं होतं. आपल्या हाताला जे जाणवतं ते खरं की खोटं, हेच तिला कळेनासं झालं होतं.

आदर्श शेजारी बसला. हायवेवर एक चक्कर झाली. गाडी... सरळ.

तिनं निमूट चहा घेतला आणि निघाली. पूल ओलांडला, आणि गाडी पुन्हा उजवीकडे! दुसऱ्या दिवशी ती परत आली. तो बसला, गाडी सरळ. उतरला, गाडी तिरपी. चहा मात्र दोन झाले. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक बाईला हा 'ताई' म्हणतो आणि आपल्याला 'मॅडम', हे तिच्या लक्षात आलं. तिनं मुद्दामच विचारलं, तर तो जॅककडे बघत म्हणाला, "तुम्हाला ताई म्हणायला... जमंना."

तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. "तुम्ही बसला की शहाण्यासारखी वागती. उतरला की हिच्या अंगात येतं. मला येड्यात काढती ही!"

आदर्श हसायला गेला आणि मध्येच थांबला. भावानं चालवली तेव्हा शेजारी कोण होतं, असं त्यानं विचारलं. वडील होते, म्हणाली. तो काही वेळ गाडीच्या रिकाम्या डाव्या सीटकडे बघत राहिला.

"तुमच्या हाताचं काय चुकलं न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्हीच बघायला येऊन शेजारी बसलो की."

राजनंदिनीनं तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू नये म्हणून... पण त्याला दिसलं.

मग त्यानं गाडीच्या आधीच्या मालकाला, निपाणीच्या विजयसिंहांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, आक्काताईंनी. सगळं ऐकून त्या खूप हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना एकट्यानं कुठं जायची सवयच नव्हती. मी कायम शेजारी. म्हणून त्यांनी आम्हा दोघांना गाडीत बसवून, चारही चाकांवरचं वजन मोजून स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या.

झालं! एक माणूस कमी बसलं की गाडीचा तोल जायचा. ऋतुराजची गाडी आधी कुणा एकट्या माणसाची होती, म्हणून ती एकट्याला सरळ वाटे.

आता स्प्रिंगा राजनंदिनीपुरत्या बसवायच्या होत्या, आणि आदर्श गाडीखाली असेपर्यंत तिच्या सीटवर तिच्याइतकं वजन हवं होतं. तिला तर कॉलेजात शिकवायला जायचं होतं.

"वजन किती तुमचं?"

"पोरीला असं इचारतात व्हय?"

"मी न्हाय, गाडी इचारतीया."

पन्नास, असं सांगून तिनं वडिलांच्या गोदामातून दहा-दहा किलोचे गुळाचे पाच रवे, म्हणजे ढेपा, पाठवून दिल्या. संध्याकाळी येऊन ती सीटवर बसली, तर आदर्श चाकांखाली ठेवलेल्या वजनकाट्याकडे बघून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, अजून एक रवा मागवावा लागेल. ती लाजून लालबुंद झाली. "अर्धा," ती पुटपुटली. अर्ध्यासाठी आणलेला रवा त्यानं हातोडीनं फोडला, आणि उडालेला चुरा दोघांनी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

शनिवारी ती एकटीच हायवेला लागली. पूल गेला. तिनं बोटं सैल केली... गाडी सरळ. ब्रेक दाबला... सरळ! बराच वेळ ती नुसतीच चालवत राहिली.

परत आली तेव्हा आदर्श दारातच उभा होता. काम संपलं म्हणायचं, असं म्हणाला, आणि त्याचा आवाज नको तितका पडला.

"बसा," ती म्हणाली.

"आता न्हाय सरळ जायची. तुमच्या एकटीच्या वजनाची केलीया."

"बसा की."

तो बसला. गाडी निघाली, आणि हलकेच डावीकडे, त्याच्या बाजूला झुकली. राजनंदिनी हसायला लागली. "बघा, तुमच्याकडं ओढती."

आदर्श समोर बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मग... परत दोघांची करून देऊ?"

"नको. मी एकटी असले तरी सरळ जाऊ दे. तुम्ही शेजारी बसला की स्टिअरिंग मी धरीन. रोज बसला तरी."

रविवारी पेठ वडगावचं गिऱ्हाईक नुसता चहा पिऊन गेलं. जयसिंग रस्त्याकडेला उभे राहिले आणि लेक एकटी सुसाट गेलेली बघून घरी येऊन एवढंच म्हणाले, जमतंय की. ऋतुराजनं मात्र आपली गाडी दोन वर्षांत विकली. आता पुण्याला असतो, आणि बहिणीच्या घरी आला की तिच्या गाडीची किल्ली मागतो. ती देत नाही. आदर्श आणि राजनंदिनीचं लग्न पुढच्याच्या पुढच्या वर्षी, मोजक्या माणसांत झालं. गॅरेज उचगावातच आहे, थोडं मोठं झालंय.

विजयसिंह करोनात गेले. आक्काताई लग्नाला एकट्याच आल्या होत्या. मांडवाबाहेर लाल गाडी उभी होती. दाराला हात लावून त्यांनी विचारलं, आता कुणाच्या वजनावर आहे? माझ्या एकटीच्या, असं राजनंदिनीनं चाचरत सांगितलं.

"बरं केलंस पोरी," त्या म्हणाल्या. मग डाव्या सीटवर जाऊन बसल्या, पदर सावरला आणि नव्या नवरीला म्हणाल्या, "चल, एक चक्कर मारून आण मला."