बोटाआधीचा सूर

यातलं काहीही मी वाढवून सांगत नाही. उलट थोडं गाळलंच आहे. कारण ज्यांच्या बाबतीत हे घडलं, ती दोघंही माझ्या जवळची आहेत आणि ती हे वाचणार आहेत.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. खिडकी उघडी होती, खाली सायकल दुरुस्तीच्या दुकानात ठोकाठोक चालली होती आणि वरच्या खोलीत माझा आतेभाऊ नव्या कॉम्प्युटरसमोर बसला होता.

त्याला सगळे ढम्या म्हणतात. लहानपणी घरातला एकही डबा त्याने बडवल्याशिवाय सोडला नाही. मोठेपणी त्या बडवण्यावरच त्याने पोट भरायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक संगीत रचायचं आणि जाहिरातींना, नाटकांना द्यायचं.

पण एकट्याने नाही. त्याच्या जोडीला ताई, त्याची मोठी बहीण. सकाळी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते आणि दुपारी ढम्याच्या खोलीवर येते. यांची आई लवकर गेली. ढम्याला ताईनेच वाढवलं. तो आजही आजारी पडला की आईला नाही, ताईला हाक मारतो.

घरात कीबोर्ड एकच होता. म्हणून दोघं एका बाकावर शेजारी बसूनच वाजवायला शिकली. ढम्या उजवीकडे, वरचे सूर. ताई डावीकडे, खालचे सूर. रेकॉर्डही दोघं एकदमच करतात. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि सूर त्यातल्या संगीताच्या सॉफ्टवेअरमधून निघतो. स्क्रीनवर दाबलेल्या प्रत्येक पट्टीची एक बारीक रेघ उमटते. वरच्या रेघा ढम्याच्या, खालच्या ताईच्या. वेगळं वेगळं वाजवा, सोपं जाईल, असं कितीजणांनी सांगून पाहिलं. दोघांनाही ते कधी जमलं नाही.

त्या वर्षी एका नृत्यसंस्थेचं मोठं काम हाती आलं होतं. आणि नेमका जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना.

त्यांच्या ओळखीचा एक मिक्सिंगवाला आहे, रेकॉर्ड केलेले आवाज नीट जुळवून देणारा. तो म्हणाला, "आधी दोनतीन फुकट वापरून बघ. मग काय ते ठरव. घाईघाईत घेशील आणि मग माझं डोकं खाशील."

पहिलं सॉफ्टवेअर उघडलं तर विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं. जिकडेतिकडे बटणं. "नाकापेक्षा मोती जड," ताई म्हणाली. ते तिथेच बाद झालं.

दुसरं साधं होतं. पण त्यात पट्टी दाबली की सूर एक कणभर उशिरा यायचा. ढम्याची लय सारखी ढळायची. तो चिडून कीबोर्डला नावं ठेवायला लागला.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली.

मग तिसरं.

तिसऱ्यात उशीरच नव्हता. बोट टेकलं की सूर हजर.

"हेच घे," ताई म्हणाली. "विषय संपला."

ढम्याही खूश होता. दोनतीन दिवस तो खूश होता. मग एका दुपारी एकटाच वाजवताना त्याचे हात थांबले.

सूर वेळेवर येत नव्हता...

थोडा आधी येत होता.

त्याने बोट पट्टीवर नेलं. टेकवलं नाही, नुसतं वर धरलं. स्पीकरमधून सूर आला. मग बोट खाली गेलं.

पट्टी सैल झाली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. म्हणून त्याने एक खोडी काढली. एका पट्टीकडे बोट नेलं आणि अगदी शेवटच्या क्षणी दुसरीच दाबली.

त्या दुसऱ्या पट्टीचा सूर आधीच वाजून गेला होता.

त्याने मिक्सिंगवाल्याला फोन लावला.

"आधी वाजतो?" तो हसला. "अरे, उशीर होतो. आधी कसा होईल? दुपारची झोप काढ जरा."

ताईला त्याने काही सांगितलं नाही. तिने काम बंद करायला लावलं असतं. ती त्याच्या काळजीने आधीच अर्धी होते.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. ताई यायची होती. ढम्याने रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं आणि तो कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेला. कीबोर्डपाशी कोणी नव्हतं.

बाक करकरला...

दोघं बसली की करकरतो, तसाच.

ढम्याने नळ बंद केला. मागे वळायची त्याची छाती होईना. आणि मग संगीत सुरू झालं. वरचे सूर त्याच्या ढंगाचे आणि खालचे ताईच्या. पण चाल अजून कोणी रचलेलीच नव्हती. तो वळला. बाक रिकामा होता. पट्ट्या हलत नव्हत्या. स्क्रीनवर मात्र वर आणि खाली रेघा भराभर उमटत होत्या.

थोड्या वेळाने ताई आली. पर्स टेकवली आणि थेट बाकावर बसली.

"येताना एक सुचलंय. ऐक."

तिने खालचे सूर धरले. तेच. अगदी तेच. आणि ढम्याचा हात आपोआप वरच्या पट्ट्यांवर गेला.

ती घरी गेल्यावर त्याने दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक लावून पाहिली. बोलाफुलाला गाठ पडते, मान्य आहे. पण मध्येच एका जागी ताईचा अंगठा घसरला होता. आधीच्या रेकॉर्डिंगमध्येही तो तिथेच घसरला होता.

तेव्हाच त्याने ते सॉफ्टवेअर काढून टाकायला हवं होतं. मी तसं म्हटलंही त्याला. "कळत होतं रे," तो म्हणाला, "पण चाली इतक्या सुरेख निघत होत्या..." मोह वाईट. तो रोज ताई यायच्या आधी बटण दाबून दाराशी उभा राहू लागला. दोघं पुढे काय वाजवणार, ते आधी ऐकू लागला.

आणि मग ती दुपार आली.

बटण दाबलं. ढम्या दाराशी उभा राहिला.

बाक करकरला...

या वेळी फक्त उजवीकडून.

वरचे सूर सुरू झाले. त्याचेच होते, पण चाचपडत येत होते. थोडं वाजायचं आणि थांबायचं. खालून उत्तर यावं, तितकी जागा सुटायची. उत्तर येत नव्हतं. मग पुन्हा थोडं वाजायचं. वाजवणाऱ्याला पट्ट्या नीट दिसत नसाव्यात, असे सूर चुकत होते.

ढम्या स्क्रीनजवळ गेला. वर रेघा होत्या.

खाली कोरं होतं...

त्याने सगळं बंद केलं. ताईची वेळ होऊन गेली होती. त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो चपला न घालताच जिन्यावरून खाली धावला.

ताई सायकलच्या दुकानासमोर उभी होती. तिच्या सायकलचं पंक्चर काढणं चाललं होतं आणि ती दुकानदाराशी वाद घालत होती.

"फोन का उचलत नाहीस?"

"पर्समध्ये आहे. असा काय पळत आलास? खोलीला आग लागली का?"

ढम्याने तिचा हात जो धरला, तो वर जाईपर्यंत सोडला नाही. वर गेल्यावर म्हणाला, "आज वाजवायचं नाही. आणि हे सॉफ्टवेअर नको. दुसरं घेऊ. ते उशिरावालं."

ताई कुठल्याही गोष्टीवर तासभर वाद घालणारी बाई. ती म्हणाली, "बरं."

ढम्याचा जीव भांड्यात पडला. तिने एवढ्या पटकन का मानलं, हा प्रश्न त्याला तेव्हा पडलाच नाही.

उशिरावाल्या सॉफ्टवेअरवर दोघांनी काम पुरं केलं. कार्यक्रम झाला. लोकांना आवडला. थिएटरमधून दोघं पायीच घरी निघाली. ढम्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. हसत हसत त्याने ताईला सगळं सांगून टाकलं. आधी येणारे सूर, रिकामा बाक आणि ती दुपार.

ताई हसली नाही. ती फुटपाथवरच थांबली.

"तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये खालचं नव्हतं?"

"नव्हतं. फक्त माझं होतं."



"मला कळलं होतं," ती म्हणाली. "सूर आधी येतात ते. तुझ्याही आधी कळलं होतं. त्या दुपारच्या आदल्या दिवशी तू चहा आणायला गेलास ना, तेव्हा मी पण बटण दाबून ठेवलं होतं."

"मग?"

"खालचं वाजलं. माझं..."

"आणि वरचं?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कोरं होतं रे. मी रात्रभर झोपले नाही. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. ढम्याने विचारलं, "तू शेवटपर्यंत ऐकलंस?"

"नाही. तू?"

"नाही."

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. दोघंही धडधाकट आहेत. ताई अजून वाद घालते, ढम्या अजून चिडतो. ते सॉफ्टवेअर वापरणारे कितीतरी लोक आहेत. मिक्सिंगवाल्याने चौकशी केली, त्यातल्या कोणाचीच अशी तक्रार नाही. त्याच कॉम्प्युटरवर त्याने ते पुन्हा टाकून पाहिलं. सूर वेळेवर आला.

ढम्या म्हणतो, त्या दुपारी आम्ही वाजवलंच नाही, म्हणून ते टळलं. मी मान डोलावतो. पण घरी आल्यावर माझ्या मनात येतं, की ती रेकॉर्डिंग त्याच दुपारची होती, हे त्याला कोणी सांगितलं? दोघांपैकी कोणीतरी कधीतरी त्या बाकावर एकटं बसणारच. ते काही कोणाला चुकलेलं नाही.

हे मी त्यांना कधी बोललो नाही. पण त्यांनाही ते कळलं असावं. आता एकाला उशीर झाला, तर दुसरं कीबोर्डवरचं कापडसुद्धा काढत नाही.