दोष क्रमांक दोनशे तेरा

चेंडू वर जावा म्हणून कृत्तिका जितका आटापिटा करायची, तितका तो जमिनीला चिकटून पळायचा. सकाळपासून तिने त्रेचाळीस चेंडू मारले होते. एकतीस सरपटत तळ्यात गेले, अकरा तळ्याच्या काठावर लाजून थांबले आणि एक तर जागचा हललाच नाही. नुसतं मातीचं ढेकूळ उडालं.

हा हिशेब पेंद्याने ठेवला होता. पेंद्या म्हणजे मैदानावरचा यंत्रमानव. रत्नागिरीच्या सड्यावर (कातळाच्या सपाट माळावर) गोल्फचं मैदान झालं, तेव्हापासून तो इथे होता. त्याच्या पोटात स्विंगचे (गोल्फची काठी, म्हणजे क्लब, मागे नेऊन पुढे फिरवण्याच्या पूर्ण हालचालीचे) दोनशे बारा दोष भरलेले होते, आणि त्यातला एकही त्याला पोटात ठेवता येत नसे.

"कृत्तिकाताई, गुडघे चार अंश जास्त वाकले. डावं कोपर आखडलं. नजर लवकर उचलली. श्वास..."

"श्वासही चुकीचा घेते का मी?"

"किंचित उथळ," पेंद्या नम्रपणे म्हणाला.

कृत्तिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या रविवार. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती, आणि संघ निवडणाऱ्या मोडकसरांची अट सरळ होती: तीन चेंडू मारायचे, दोन तळ्यापार गेले पाहिजेत. मोडकसर शब्दाचे इतके पक्के की, स्वतःच्या पुतण्यालाही त्यांनी एका चेंडूसाठी घरी पाठवलं होतं.

तेवढ्यात डबा घेऊन आबा आले. कृत्तिकाच्या आबांनी तीस वर्षं वायुबोगद्यात (विमानांच्या छोट्या प्रतिकृतींवर जोराचा वारा सोडून त्यांची परीक्षा घेतात, त्या बोगद्यात) संशोधन केलं होतं. गोल्फचा क्लब मात्र त्यांनी कधी हातात धरला नव्हता. त्यांचा खेळ विटीदांडू. नातीलाही त्यांनीच शिकवला, आणि आता आळीत तिच्यासमोर उभं राहायची कुणाची टाप नव्हती. खुद्द आबांचीही नाही, पण ते हे कबूल करत नसत.

दगडावर बसून घावन खाता खाता त्यांनी तिचे तीन फटके पाहिले. तिसऱ्याला त्यांना असं हसू फुटलं की ठसकाच लागला.

"अगं, तू चेंडू कोलतेयस!"

"'कोलणे' हा शब्द माझ्या यादीत नाही," पेंद्या म्हणाला.

"कसा असेल? यादी करणाऱ्यांनी विटी कुठे पाहिलीय!" आबांनी तोंड पुसलं. "कृत्तिका, सांग याला. विटी कशी कोलतात?"

"खड्ड्यावर विटी आडवी ठेवायची. दांडू खड्ड्यात, विटीच्या खाली घालायचा आणि वर उडवायचं."

"आता तुझ्या चेंडूखाली बघ. खड्डा आहे?"

कृत्तिकाने वाकून पाहिलं. गवत होतं. गवताखाली माती. "नाही," ती हळूच म्हणाली.

"मग क्लब खाली घुसणार कुठून?"

आबांनी मैदान आखायची फक्की मागवली आणि गवतावर एक पांढरी रेघ ओढली. "चेंडू इथे आहे असं समज. नुसता क्लब फिरव."

तिने फिरवला. रेघेच्या चार बोटं मागे गवत खरवडलं गेलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच.

"क्लब झोपाळ्यासारखा झोका घेतो," आबा म्हणाले. "झोपाळा एका जागी सगळ्यात खाली येतो आणि मग वर चढतो. तो नीचबिंदू (हालचालीतली सर्वांत खालची जागा). कोलायचं म्हणून तू उजव्या पायावर मागे रेलतेस, तर तो बिंदूही तुझ्यामागून मागे येतो. मग काय होतं?"

कृत्तिकाने क्लब सावकाश फिरवून पाहिला. "चेंडूपर्यंत येताना तो वर चढायला लागलेला असतो. त्याची खालची कड चेंडूच्या पोटावर बसते..." तिचे डोळे मोठे झाले. "म्हणून सरपटतो! आणि मागेच जमिनीला लागला की ढेकूळ!"

"पण मग चेंडू वर कोण नेणार?" तिने लगेच विचारलं.

आबांनी 'गवतावर चालू नये' ही पाटी उपटली, दगडाला टेकवून मागे कलती ठेवली आणि तिला चेंडू सरळ पाटीवर फेकायला सांगितलं. चेंडू पाटीवर आपटून वर उडाला.

"तू वर फेकलास?"

"नाही. पाटी कलती आहे म्हणून गेला." तिने क्लब उलटसुलट करून पाहिला. त्याचं पातंही तसंच मागे कललेलं होतं. हाच लॉफ्ट (पात्याचा कल). "म्हणजे वर न्यायचं काम क्लबच करतो?"

"आणि तू उगीच त्याच्या कामात लुडबुड करतेस. आजीवर गेलीयस."

मग डाव्या पायावर भार देऊन तिने क्लब फिरवला. या खेपेला गवत रेघेच्या पुढे खरवडलं गेलं. चेंडू ठेवून मारला तेव्हा पहिल्यांदाच तो आभाळात चढला. पेंद्याने आपल्या हिशेबात 'वर गेले: एक' असा नवा रकाना उघडला.

रविवारी मोडकसर वही घेऊन उभे होते. पहिला चेंडू. कृत्तिकाचे हात घाबरले की आपलं जुनंच करायचे. चेंडू सरपटत गेला आणि तळ्यात 'डुबुक'. सरांनी फुली मारली.

ती मागे वळली. पेंद्याचे दिवे लुकलुकत होते. आता गुडघे, कोपर, श्वास, सगळं येणार! पण पेंद्या एवढंच म्हणाला,

"कृत्तिकाताई, खड्डा नाही."

ती खुदकन हसली. डावा पाय रोवला. दुसरा चेंडू तळ्यापार. तिसरा उंच चढला, वाऱ्यात जरा रेंगाळला आणि पलीकडच्या काठावर जेमतेम वीतभर आत पडला. मोडकसरांनी स्वतः जाऊन ती वीत मोजली आणि मगच वहीत नाव लिहिलं.

त्याच संध्याकाळी देशोदेशीच्या मैदानांवरच्या यंत्रमानवांच्या सामायिक यादीत पेंद्याची नवी नोंद उमटली: दोष क्रमांक दोनशे तेरा, कोलणे. उपाय: खड्डा नाही, याची प्रेमाने आठवण करून द्यावी. आता दूरच्या कुठल्याशा गावातलं विटीदांडूवालं पोर रडकुंडीला येणार नव्हतं.

"मलाही कोलायला शिकवाल?" पेंद्याने विचारलं.

आबांनी आळीत खड्डा खणला. पेंद्याने डावीकडे भार दिला, अचूक कोन साधला आणि दांडू वरून असा हाणला की विटीचे दोन तुकडे झाले.

कृत्तिकाने दप्तरातून कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं: 'पेंद्याचे दोष. क्रमांक एक: कोलत नाही.'

"श्वास ठीक आहे ना?" पेंद्याने काळजीने विचारलं.

"किंचित उथळ," ती म्हणाली, आणि आबांकडे दुसरी विटी मागितली.