एक वीत उजवीकडं

आयलुकवर वाऱ्याचे दिवस सुरू झाले की कोंबडी अंडं घालते बेटाच्या एका टोकाला आणि पिल्लू निघतं दुसऱ्या टोकाला. खोटं वाटत असेल तर विचारा कुणालाही. अशाच एका दुपारी बिल्मा खडकांच्या कुंपणाआतल्या शांत पाण्याच्या काठी चटईसाठी केवड्याची पानं कुटत बसली होती, आणि वाऱ्यानं तिच्या पुढ्यात एक बास्केटबॉल आणून टाकला. टाकला म्हणजे काय... वाळवलेल्या पानांच्या ढिगात असा घुसला, की सकाळपासूनची सगळी मेहनत भिरभिरत पाण्यावर!

बॉलच्या मागोमाग एक मुलगा पळत आला. उंच, हडकुळा, पायांत राजधानीचे, माजुरोचे, पांढरेशुभ्र बूट.

"बॉल माझा आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"आणि पानं माझी होती," बिल्मा म्हणाली.

मुलानं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा बुटांकडं. मग तसाच, बुटांसकट, गुडघाभर पाण्यात शिरला. एकेक पान वेचून आणलं. ओलं पान काय कामाचं? पण तो वाकला की त्याच्या मानेवरून पाण्याचे थेंब ओघळायचे, आणि ते बघण्यात तिचं बोलणंच राहून गेलं.

मुलाचं नाव जेल्टन. त्याच्या बापाची आई वारली, तिच्या मातीला माजुरोहून आला होता. सहाव्या दिवशी आजीच्या थडग्यावर पांढरे खडे पसरून झाले, पण ज्या जहाजानं आला त्याचं इंजिन रुसलं. आमच्याकडं जहाज येतं ते त्याच्या मर्जीनं. माणूस लग्नाला येतो आणि बारसं उरकून जातो.

"मघापासून बघतेय," बिल्मा म्हणाली, "एकही बॉल कडीत गेला नाही तुझा."

"माजुरोला माझा एक चुकत नाही."

"माजुरोला वर छत आहे. इथं वारा आहे." तिनं हात झटकले आणि उठली. "चल, दाखवते. पण आधी एक सांग, आईचं कूळ कुठलं?"

"का गं?"

"आपलं कूळ एकच निघालं तर बहीणभाऊ लागतो. मग मी उगाच कशाला इतकं समजावून सांगू?"

त्यानं कूळ सांगितलं. वेगळं निघालं. बिल्मानं मान खाली घातली, आणि तरी तिचं हसू त्याला दिसलंच.

मैदानावर कडी एकच होती. दुसरी मागं एका वादळात गेली. म्हातारे सांगतात, ती अजून समुद्रावरून फिरतेय आणि एक भला मोठा ट्युना रोज संध्याकाळी तिच्यातून उडी मारतो. राहिलेल्या कडीसमोर उभं राहिलं की वारा बाहेरच्या समुद्रावरून, उजव्या हातानं येतो. बारा महिने चोवीस तास, तिकडूनच.

"कडीवर नेम धरू नकोस," बिल्मा म्हणाली. "कडीच्या एक वीत उजवीकडं धर. तुझं काम तिथवरच. पुढचं वारा बघून घेतो."

जेल्टननं धरला. सोडला. बॉल निघाला भलतीकडं... आणि मग जणू कुणी हाक मारली, तसा वळला. जाळीतून सपकन आवाज आला.

"चेटकीण आहेस तू," तो म्हणाला.

"उद्या ये," ती म्हणाली. "पानंही कुटायची आहेत."

आता बेटाच्या बास्केटबॉल संघाचे गुरुजी कोण, तर बिल्माचे बालोस मामा. आमच्याकडं आईच्या भावाच्या शब्दापुढं कुणी जात नाही, आणि मामाचा शब्द एकच होता – राखण. आपण किती टाकतो ते सोडा, समोरच्याला टाकू देऊ नका. मामाच्या तरुणपणी त्यांच्या अंगावरून डासही पलीकडं जात नसे, असं लोक म्हणतात. बिल्मा त्यांच्याच तालमीतली. लांब स्कर्ट घालून खेळायची, पण समोरच्या मुलीला हलू द्यायची नाही.

जेल्टन संघात आला आणि रोज संध्याकाळी नीरफणसाच्या झाडाखाली वाद पेटायला लागला.

"मामा, नुसती राखण करून कोण जिंकलंय? दार लावून घरात बसलं तर ताटात मासे येतील का?"

"आणि दार उघडं टाकून मासे धरायला गेलास," मामा म्हणायचे, "तर आदले मासे मांजर खातं. लांबून टाकणं म्हणजे वाऱ्याशी सोयरीक, पोरा. आज तुझा, उद्या दुसऱ्याचा. राखण आपल्या पायांत असते."

बाकीची पोरं टाळ्या पिटायची. बिल्मा चटई विणत बसायची, आणि दोघांपैकी कुणाचीही बाजू घेतली की आपली चोरी पकडली जाईल म्हणून बोटं भराभर चालवायची.

मग पाण्याच्या काठी दोघंच असताना ती त्याला मामांची विद्या द्यायची.

"समोरच्याच्या डोळ्यांकडं बघू नकोस. डोळे खोटं बोलतात. पाय बघ. पाय जिकडं, माणूस तिकडं."

"मग तू माझ्या डोळ्यांकडं का बघतेस?"

"कारण तू... तू कुठं जाणार नाहीयेस ना."

जेल्टन हसला नाही. वाळूत पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत राहिला.

"बाबांनी बोलावलंय," तो शेवटी म्हणाला. "अमेरिकेला, आर्कान्सासला. तिथल्या कोंबड्यांच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय."

बिल्माच्या हातातलं पान वाऱ्यानं नेलं. तिनं ते धरलं नाही.

"एकच वाट आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "माजुरोच्या स्पर्धेला देशाचा संघ निवडणारे येतात. त्यांना लांबून टाकणारा हवाय. त्यांनी मला घेतलं तर आपल्या देशातच राहा, असं बाबा स्वतः म्हणालेत. माजुरोला राहीन. माजुरो काय गं... दोन दिवसांचं पाणी."

"दोन दिवसांचं पाणी तर मी पोहून येईन," बिल्मा म्हणाली. आणि पाण्याकडं अशी बघत होती, की खरंच आली असती.

त्या दिवसापासून तिनं राखणीचं नाव टाकलं. दुपार झाली की त्याला मैदानावर उभा करायची. जोराचा वारा, भरकटलेला वारा, पावसाआधीचा ओला वारा... प्रत्येक वाऱ्यात टाकायला लावायची. "वीत. उजवीकडं. परत." त्याचा हात हातात धरून मनगट वळवून द्यायची, आणि वळवून झालं तरी हात काही सुटायचा नाही. हळूहळू त्याला बघावंही लागेना. डोळे मिटून टाकायचा आणि जाळी सपकन बोलायची.

एक दिवस तिनं मामांसमोर जाऊन सांगितलं, "मामा, स्पर्धेत जेल्टनला लांबून टाकू दे."

मामांनी तिच्याकडं पाहिलं. मग खाली.

"पाय बघितले तुझे," ते म्हणाले. "कुठं निघालीस ते कळलं मला." मग मान हलवली. "बरं. टाकू दे त्याला."

जहाजाचा रुसवा निघाला. पोरं, बायका, नीरफणसाच्या टोपल्या, दोन डुकरं, सगळं भरून आयलुक माजुरोला निघालं. बिल्मा आणि जेल्टन कठड्याशी उभे राहिले, सगळ्यांदेखत, म्हणून मध्ये हातभर अंतर ठेवून. त्या हातभर जागेतून समुद्रसुद्धा लाजून बाजूनं गेला असेल.

सामना होता बंद सभागृहात. वर पत्रा, चारी बाजूंना भिंती. एवढी माणसं ओरडत होती, पण हवा मात्र मेल्यासारखी जागच्या जागी. निवडणारे पहिल्या रांगेत बसले होते. जेल्टननं प्रेक्षकांत बिल्माला शोधलं, भुवया उंचावल्या. लांबून टाकायच्या रेषेबाहेर उभा राहिला, बॉल सोडला.

कडीच्या उजवीकडून गेला.

असू दे, पहिलाच आहे. दुसराही उजवीकडून. तिसरा कडीला पुसटसा लागून, उजवीकडं. लोक हसायला लागले. एक जण ओरडला, "अरे, कडी डावीकडं आहे, पाहुणे!"

बिल्मानं मोजलं. एक वीत. प्रत्येक वेळी. तेवढीच, तिच्याच हाताची. तो वाऱ्याला टाकत होता... आणि वारा तिथं नव्हताच.

मधली सुट्टी झाली तशी ती शहाळं घेऊन माणसांतून घुसली.

"जेल्टन, इथं वारा नाहीये!"

"माहितीये."

"मग सरळ धर ना रे!"

"सरळच धरतो गं." त्यानं आपल्या मनगटाकडं पाहिलं, जणू दुसऱ्याचंच होतं. "सोडताना हात वळतो. माझं ऐकत नाही तो. तुझं ऐकतो."

"मग मी सांगते त्याला. विसर. मी शिकवलं ते सगळं विसर. आत्ता. माझ्यासाठी."

तो हसला. शहाळं तिच्या हातात परत दिलं, न पिता. "विसरता आलं असतं, तर इथं राहायची एवढी धडपड कशाला केली असती?"

सुट्टीनंतर त्यानं पुन्हा टाकून पाहिलं. पुन्हा तीच वीत. आयलुक मागं पडत चाललं तसे मामा उठले. "पोरांनो, टाकणं पुरे. आता राखण!" मग आयलुकच्या पोरांनी जी राखण केली ती अजून सांगतात. समोरच्यांना श्वास घ्यायचा तरी परवानगी मागावी लागत होती. जेल्टन त्यांच्या सगळ्यात चपळ खेळाडूसमोर उभा राहिला. डोळ्यांकडं बघितलंच नाही. पाय बघितले. अगदी शेवटी तो खेळाडू डावीकडं बघत उजवीकडं निघाला, आणि जेल्टन आधीच तिथं होता. बॉल हिसकावला, पुढं धावणाऱ्या भिडूकडं फेकला, त्यानं कडीत घातला. आयलुक एका बास्केटनं जिंकलं.

सभागृह दणाणलं. मामा एका डुकराला मिठी मारून रडत होते, "राखण! बघितलंत? राखण!" टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी बिल्मा. तिचे डोळे पहिल्या रांगेवर होते. निवडणारे समोरच्या संघातल्या सरळ टाकणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दाराकडं निघाले होते.

विमानतळावर आमच्याकडं निघणाऱ्याच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घालतात. जेल्टनच्या गळ्यात इतक्या झाल्या की मान वळेना. सगळ्यात वर बिल्मानं स्वतः विणलेली केवड्याच्या पानांची माळ घातली. तीच पानं, पाण्यातून वेचलेली, पुन्हा सुकवलेली.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"जमीन आमच्याकडं आईकडून लेकीकडं येते. मी एकटी लेक आहे, जेल्टन. आई आता उठतही नाही. मी गेले तर..." तिनं त्याच्या गळ्यातली माळ सारखी केली. "कुणीतरी राखण करायला हवी ना."

"मामाच जिंकले म्हणायचे."

"मामा काल रात्री जेवले नाहीत," बिल्मा म्हणाली.

आमच्याकडं भेटताना म्हणतात 'याक्वे', निघताना म्हणतात 'याक्वे', आणि जीव लागला तरी तोच शब्द. त्यानं म्हटला. तिनं म्हटला. कुणी कुठला म्हटला, ते त्यांनाच ठाऊक.

मग तो निघाला... उलटा. पाठ विमानाकडं, तोंड तिच्याकडं, एकेक पाऊल मागं टाकत. बिल्मानं डोळ्यांकडं बघितलं नाही. पाय बघितले. पाय तिच्याकडं होते आणि माणूस विमानाकडं चालला होता. पाय जिकडं, माणूस तिकडं – मामांचा नियम जन्मात पहिल्यांदा खोटा पडला.

पुढं बरीच वर्षं गेली. बिल्माची आई गेली, थडग्यावर पांढरे खडे पडले. जमीन बिल्माच्या नावावर आली आणि तिथल्या प्रत्येक नीरफणसाला तिची सवय झाली. एकदा तिचा मावसभाऊ आर्कान्सासहून आला. जेवता जेवता हसत सांगू लागला,

"तो जेल्टन आठवतो का गं? कारखाना सुटला की आमच्या मागच्या अंगणात येतो खेळायला. पण अजून तसाच! कडीच्या उजवीकडं टाकतो. पोरं म्हणतात, काका, जरा सरळ टाका की. तर म्हणतो, मी बरोबरच टाकतोय, तुमच्याकडं वारा नाही त्याला मी काय करू?"

बिल्मानं त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला. "भात घे," एवढंच म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. पण डोळ्यांचं काय सांगावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केवड्याची पानं घेऊन मैदानापाशी जाऊन बसली. मैदानात कुणी नव्हतं. वारा उजव्या हातानं येत होता, नेहमीसारखा. आणि मग... हे बेटावरच्या सगळ्यांना माहीत आहे, विचारा कुणालाही... रिकाम्या कडीची जाळी सपकन वाजली.

बिल्मानं मान वर केली. जाळी अजून हलत होती.

"गेला रे आत," ती म्हणाली, आणि पानं कुटायला लागली.