आत किती, बाहेर किती

माणसाचं हृदय हा काही मोठा भानगडीचा कारभार नाही, असं आनेलीचं ठाम मत होतं. निम्मं आयुष्य तिनं अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छातीवर इकोचा प्रोब टेकवण्यात घालवलं होतं. वरचा कप्पा भरतो, मधली झडप उघडते, रक्त खालच्या कप्प्यात उतरतं. शेवटी वरचा कप्पा एक लहानसा पिळा देऊन उरलंसुरलं खाली ढकलतो. झडप मिटते, खालचा कप्पा मूठ आवळावी तसा आवळतो, पुढची झडप उघडते आणि रक्त अंगभर. मग सगळं सैल, आणि पुन्हा पहिल्यापासून. तळाशी थोडं रक्त मागे राहतंच, पण झडप गळत नसेल, कुठे भोक नसेल, तर जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे. त्यात प्रेम नाही, माया नाही, काही नाही. घटस्फोट झाल्यापासून हे ती जरा जास्तच मोठ्यानं सांगायची.

शरद ऋतूत बीटाच्या ट्रॉल्या रस्त्यावर चिखल सांडायला लागल्या की ट्युरे मोन्सोन आपल्या वार्षिक तपासणीला दवाखान्यात यायचा. शाळेतला निवृत्त संगीतशिक्षक, चर्चमध्ये गाणारा, गावाचा लाडका. दारातून आत येताना टोपी काढणार, प्रत्येकीला नावानं हाक मारणार, बायकोनं भाजलेले दालचिनीचे पाव पुढे करणार. बायको इंगेगर्ड मागून यायची, भिंतीला धरून. "काय जोडी आहे!" असं स्वागतकक्षातल्या बायका दर वर्षी म्हणायच्या. त्याला आजवर बघणारी सहकारी नोकरी सोडून गेली होती, म्हणून यंदा तो पहिल्यांदाच आनेलीच्या वाट्याला आला.

"ही बसली तर चालेल ना?" ट्युरेनं डाव्या कुशीवर वळत विचारलं. "हिचा हात हातात असला की मला बरं वाटतं."

"बसू द्या की," आनेली म्हणाली. इंगेगर्डनं खुर्ची ओढली आणि हात पुढे केला. दात काढायला आलेला माणूस जसा तोंड उघडतो, तसा.

पडद्यावर कप्पा दिसला आणि आनेली सावरून बसली. समोरची भिंत मेलेली होती. चाळिशीत मोठा झटका येऊन गेला होता, तिथला स्नायू जुन्या कातड्यासारखा पातळ, निश्चल पडला होता. असा माणूस जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना थांबला पाहिजे, आणि हा चर्चमध्ये गात होता! तिनं आत येणारं रक्त मोजलं. थोडं होतं. बाहेर जाणारं मोजलं. जास्त होतं.

असं होत नाही. अर्धी बादली भरून पाऊण बादली ओतता येत नाही. तिनं जेल पुसलं, पुन्हा लावलं, प्रोबचा कोन बदलला, छातीवरच्या तारा तपासल्या. तेच.

"काही बिघडलंय का?" ट्युरेनं गोड आवाजात विचारलं.

"यंत्र जुनं झालंय. इंगेगर्ड, बाहेरून मला जरा कागदी रुमाल आणून द्याल?"

इंगेगर्डनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बोटं सोडवून घेतली आणि उठली. तिच्या मागे दार लागलं. पडद्यावर काही ठोके तसेच गेले, आणि मग बाहेर जाणारं रक्त उतरत चाललं. आत येणाऱ्याच्या बरोबरीला आलं आणि तिथेच थांबलं. ट्युरेच्या ओठांचा रंग गेला. "कुठे गेली ही?" तो म्हणाला. आवाजात लहान मुलाची भीती होती. इंगेगर्ड परत आली, हात दिला, आणि पडद्यावर ते रक्त वाढताना आनेलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

लुंडच्या मोठ्या इस्पितळात बसून या चित्रफिती वाचणाऱ्या डॉक्टर हेमिंगना तिनं फोन केला. "अगं, मोजायला चुकलीस," ते हसून म्हणाले. "सुट्टी घे चार दिवस." सुट्टी घेतली नाही तिनं. त्याच दिवशी स्वतःच्या छातीवर प्रोब लावून बघितला. आत जेवढं, बाहेर तेवढंच. यंत्र ठणठणीत होतं.

नाताळच्या आधी इंगेगर्डला स्वतःलाच धाप लागायला लागली आणि तिलाही इकोसाठी पाठवलं. ट्युरे अर्थातच सोबत आला, हात धरून बसला. तिच्या झडपा चांगल्या होत्या. भोक नव्हतं. कप्पा नीट भरत होता, नीट आवळत होता, आणि भरलेल्यापैकी बरंचसं बाहेरच्या वाटेवर पोचतच नव्हतं. आनेलीनं ट्युरेला कॉफी प्यायला बाहेर पाठवलं.

"दिसलं ना?" दार लागताच इंगेगर्ड म्हणाली.

आनेलीनं प्रोब खाली ठेवला. "तुम्हाला माहीत आहे?"

"झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा काही हे बघत नाहीत. मी रात्रभर हात धरून बसले. सकाळी हा उठून गाणं म्हणायला लागला, आणि मला बाथरूमपर्यंत चालवेना. न कळायला मी काय खुळी आहे?"

"मग सोडायचा हात!"

"सोडला होता की. बहिणीकडे काल्मारला गेले होते आठवडाभर. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना हा गॅरेजमध्ये पडलेला सापडला. पळत परत आले. गाव म्हणालं, बघा किती प्रेम!" इंगेगर्ड हसली. त्या हसण्यात नुसतं कडू विष होतं. "मुलगी लहान होती. बाप मारला असं तिला कसं सांगणार?"

"ट्युरेंना माहीत आहे?"

"ते मला नको विचारूस बाई. पण एवढ्या वर्षांत त्यानं एकदासुद्धा विचारलं नाही, की इंगेगर्ड, तू का गं इतकी दमतेस?"

तिनं आनेलीचं मनगट धरलं. "मी गेले की उल्रिका येईल. येणारच. बापाची लाडकी आहे. इथे तिला त्याच्याजवळ बसू देऊ नकोस. काहीही सांग. नियम आहे म्हण."

"नाही बसू देणार," आनेली म्हणाली. असं वचन आपण शुद्धीत असताना दिलं, याचं तिला पुढे कितीदा तरी नवल वाटलं.

वसंतात मोहरीची शेतं पिवळी झाली तेव्हा इंगेगर्ड स्वयंपाकघरात पडली, ती उठली नाही. हृदय थकलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दफन झालं, आणि त्याच आठवड्यात उल्रिका बापाला घेऊन आली. घरी योटेबोरीला दोन लहान मुलं टाकून आली होती. चेहरा चुन्यासारखा पांढरा. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बाबा रात्रभर हात सोडत नाहीत," ती म्हणाली. "आई कशी करायची कोण जाणे. मला तर ती नाताळलाही येऊ द्यायची नाही. म्हणायची, तुझं तू बघ. मला वाटायचं, मी तिला आवडतच नाही."

आनेलीच्या तोंडाशी आलं होतं सगळं. सांगून काय करणार होती? "नातेवाईकांनी बाहेर बसायचं," ती तुटकपणे म्हणाली. "नियम आहे." आणि दार लावून घेतलं.

ट्युरे डाव्या कुशीवर वळला. टोपी छातीशी धरलेली होती, ती तिनं काढून बाजूला ठेवली.

"उल्रिका?" तो म्हणाला.

"बाहेर आहे. पडून राहा."

पडद्यावर कप्पा जेमतेम भरत होता. मेलेली भिंत तशीच, आणि बाकीची थरथरून थांबत होती. एवढ्याशा रक्तावर माणूस टिकत नाही. इंगेगर्डचं देणं संपलं होतं. बसून राहायचं, बस. आपोआप होईल ते होईल. आनेलीला स्वतःच्या या विचाराची लाज वाटली नाही.

चित्र पुसट येत होतं. दोन बरगड्यांच्या मध्ये प्रोब दाबायला ती पुढे वाकली. तिचं मनगट त्याच्या कातडीवर टेकलं.

पुढची झडप सताड उघडली.

बाहेर जाणारं रक्त वाढलं. अजून वाढलं. आत येणारं होतं तेवढंच होतं.

आनेलीनं हात झटकन मागे घेतला. पडदा काळा झाला. ट्युरेच्या घशातून घरघर आली. मग तो ओरडला, "उल्रिका! अगं बाळा, ये ना!"

दाराची मूठ फिरली.

"बाबा? आत येऊ?"

आनेलीनं हात परत ठेवला. प्रोब तर नुसता गादीवर पडला होता. पुरा तळवा ठेवला तिनं, त्याच्या छातीवर.

"नको," ती म्हणाली. "बाहेरच थांब. अजून वेळ लागेल."

मूठ परत जागेवर गेली. बाहेर खुर्ची करकरली.

ट्युरेच्या गालांवर हळूहळू रंग आला. त्यानं डोळे मिटले, आपला हात उचलून अलगद तिच्या हातावर ठेवला आणि मोठ्या प्रेमानं थोपटला.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."