मथुराबाईच्या मागचा आवाज

पत्रकावर नाव छापायच्या आधी त्या माणसाला विचारावं, एवढी साधी गोष्ट आमच्या जलशाच्या कमिटीला सुचली नाही. म्हणून त्या सकाळी मला, पेटीवाल्या नझीरला, मथुराबाईच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं.

साल पन्नासचं. आसामात मोठा भूकंप झाला, पाठोपाठ नद्या फुगल्या, गावंच्या गावं वाहून गेली. रत्नागिरीकरांनी ठरवलं, जिल्ह्यातले सगळे नामवंत एका मंचावर आणायचे आणि तिकीट म्हणून प्रत्येकाने एक कांबळं आणायचं. पावसचे कव्वाल आले, राजापूरचे कीर्तनकार बुवा आले. सात वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गवई एका सतरंजीवर बसायला कबूल झाले. राहिली होती फक्त मथुराबाई.

तिचा एकुलता एक केरू आसामातच होता, चहाच्या मळ्यात इंजिनवर. तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. मायलेक जोडीने गायचे. तिने ओळ म्हणायची, त्याने मागून उचलायची. पत्र थांबलं तसं तिचं गाणंही थांबलं.

"नझीरभाई, मी गायले आणि मागनं काय आलं नाय, तर तो गेला असंच मला वाटंल," ती म्हणाली. "मग मी घरी कशी येऊ?"

"बाय, त्यातलं एखादं कांबळं त्याच्याच अंगावर पडंल," मी म्हटलं.

तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग उठून तिने लुगड्याची घडी काढली.

जलसा दुपारी तीनला, शाळेच्या पटांगणात. माणसं दगडी गडग्यांवर बसली होती, आंब्याच्या फांद्यांवर बसली होती. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलं काम सुरू होत नाही. एकाने देवाकडे मागायचं आणि सगळ्यांनी होकार भरायचा. होकार भरला की मागणं पक्कं, म्हणून मागणारा नाव-गाव तोलून बोलतो. गंगारामतात्या त्यात मुरलेले. पण त्या दिवशी मथुराबाईकडे बघून त्यांचं भान सुटलं आणि ते बोलून गेले,

"बा म्हाराजा, ह्या बायच्या मागं जो कोण गाणारा आसल, तो आसल तिथनं हितं येवंदे."

"व्हय म्हाराजा!" अख्खं पटांगण गरजलं. मीही गरजलो. तात्यांनी नाव घेतलं नाही, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कव्वालांनी रंग भरला, बुवांनी हसवलं, आणि ऊन उतरताना मथुराबाई बसली. पहिली ओळ तिने कापऱ्या आवाजात म्हटली आणि ती थांबली. मी पेटीवर नुसता सूर धरून राहिलो.

आधी वास आला. समुद्राचा नव्हे, तो मी जन्मापासून ओळखतो. हा गोड्या पाण्याचा, गाळाचा, कुजक्या पाल्याचा. पेटीच्या भात्यातून गार वारा माझ्या मनगटावर येऊ लागला... आणि मागून ओळ उचलली गेली.

भरदार, तरणा आवाज. मी मान वळवली. मागे तंबोरा उभा, त्याच्यामागे पडदा. माणूस नव्हता.

मथुराबाईने मागे पाहिलं नाही. तिने डोळे मिटले आणि अशी गायली, की ते दोन गवई रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. लोक उभे राहिले. मला भीती वाटत होती, आणि इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. कांबळ्यांचा ढीग एका बोटीत मावेना, दुसरी करावी लागली.

"आला माझा केरू," ती मंचावरून उतरताना म्हणाली. "जिता हाय तो."

आणि खरंच, शिमग्याच्या आधी केरू एसटीतून उतरला! हाडांचा सापळा, पण जिवंत. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन ढोल वाजवत घरी नेलं. पुराच्या पाण्यातल्या तापाने त्याची वाचा मात्र गेली होती. सारा गाव हसून म्हणायचा, आवाज आधी आला, अंग मागनं आलं. मथुराबाई सगळ्यांना गूळ वाटत होती.

चैत्रात त्याच पटांगणात तिचं गाणं ठेवलं. तीच गर्दी, तेच ऊन. केरू पाटी-पेन्सिल मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. मथुराबाईने ओळ म्हटली, गाळाचा वास आला, आणि मागून तोच भरदार आवाज लागला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मी वाकून विचारलं, "तुझाच ना रे?"

केरू कान देऊन ऐकत होता. त्याने पाटीवर लिहिलं,

"चाचा, हा माझा नव्हे..."

तात्यांनी गाऱ्हाण्यात नाव घेतलं नव्हतं, ते मला आत्ता आठवलं. तेवढ्यात मथुराबाईने गाता गाता मान वळवली आणि लेकाकडे बघून भरभरून हसली. एवढी सुखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. केरूने तळहाताने पाटी झटकन पुसली आणि तिच्याकडे बघत तो नुसते ओठ हलवू लागला.

मागचा आवाज एका ओळीने पुढे गेला होता. मग तो थांबला, आणि केरूच्या ओठांची वाट बघून, त्यांच्याबरोबर गाऊ लागला.